परदेशप्रवासातील शस्त्रकोश

सुश्रुताचार्यांनी शस्त्रे वीस सांगितली. ती ठेवण्याच्या कोशाचे नेमके वर्णन मात्र अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, शस्त्रविधी अध्यायात मिळते. नऊ अंगुळे रुंद, बारा अंगुळे लांब, रेशमी वस्त्राचा वा मृदू चर्माचा, नीट शिवलेला आणि आत लोकरीने शस्त्रे परस्परांपासून विलग राखणारा असा तो असावा. परिषदेसाठी परदेशी जाणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींना आमचे सांगणे असे, की आज हा कोश प्रथम अनोळखी तपासनिसाच्या हातून उघडला जातो, हे ध्यानी धरूनच तो बांधावा.

वृद्धिपत्र, व्रीहिमुख, कुठारिका अथवा स्कालपेलची साधी पाती विमानात स्वतःजवळ ठेवता येत नाहीत. अग्निकर्माची शलाका व एषणी यांना धार नसते. पण क्ष-किरणयंत्रात त्यांचे टोकच दिसते. म्हणून ही सर्व उपकरणे चेक-इन सामानातच द्यावीत. पाती मूळ निर्जंतुक वेष्टनातून काढू नयेत. उघड्या धारेस कठीण आवरण घालावे; सुश्रुतांनी धाररक्षणार्थ शाल्मलीचे फलक सांगितले, त्याचेच हे आजचे रूप. संच कठीण डब्यात, डब्यावर इंग्रजीत 'आत धारदार उपकरणे' अशी चिठ्ठी आणि डबा पेटीत सर्वांत वर. कपड्यांच्या घड्यांत शस्त्र ठेवणे सर्वांत वाईट, कारण तपासनिसाचा हात तेथेच शिरतो. अग्निकर्मासाठी गॅसची नळकांडी मात्र कोणत्याच सामानात नेऊ नयेत.

जुन्या घराण्यांत सांबरशिंगाच्या वा हस्तिदंताच्या मुठीची शस्त्रे असतात. ती कितीही पूजनीय असली तरी घरीच राहू द्यावीत. येथे प्रश्न धारेचा नसून वन्यजीव कायद्याचा आहे.

संच नवा व मूल्यवान असेल तर निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना शुल्काचा वाद उद्भवत नाही. अधिकाऱ्यास वस्तू प्रत्यक्ष पाहावी लागते. त्यामुळे पेटी विमान कंपनीच्या हवाली करण्यापूर्वीच हे उरकावे. प्रदर्शनासाठी मोठा संच न्यायचा असल्यास फिक्कीकडून मिळणारे आटा कार्नेट सोयीचे. त्याची मुदत वर्षभराची असते.

सर्वांत नाजूक बाब निवेदनाची. 'ही शस्त्रे कशासाठी?' या प्रश्नास 'रुग्णांसाठी' असे भाबडे उत्तर दिल्यास शस्त्रे बाजूला राहतात आणि प्रवेशाचाच प्रश्न उभा राहतो. बी.ए.एम.एस. पदवीने अमेरिकेत वा ब्रिटनमध्ये शस्त्रकर्माचा अधिकार मिळत नाही. प्रतिकृतीवर प्रात्यक्षिक दाखवायचे असेल तर यजमान संस्थेच्या पत्रात तसेच लिहिलेले असावे, आणि तेथे गेल्यावर तेवढेच करावे. स्नेह्यांच्या आग्रहाखातर एखाद्याचा सिरावेध करून देणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू वगळता कोणतेही पाते सार्वजनिक स्थळी सबळ कारणाविना बाळगणे गुन्हा ठरतो. निवासस्थानापासून सभागृहापर्यंत डबा बंद असावा आणि पत्र सोबत असावे. प्रात्यक्षिक नसेल त्या दिवशी डबा खोलीतच ठेवावा.