भिंतीवरचे मजूर

१९३०च्या दशकातल्या स्थलांतरित शेतमजुरांचे कृष्णधवल फोटो हल्ली कॅलिफोर्नियातल्या कॅफेंत, हॉटेलांच्या लॉबीत, अगदी वकिलांच्या ऑफिसांतही दिसतात. आमच्या घरीही आहेत. इथले मराठी मित्र येतात, बघतात आणि ‘कुठून आणलेस?’ म्हणून विचारतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

१. विकत घेऊ नका. हे फोटो सरकारी नोकरांनी काढलेले आहेत. डोरोथिया लँग, रसेल ली, आर्थर रॉथस्टाइन, मॅरियन पोस्ट वोलकॉट ही मंडळी रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली सरकारी पगारावर देशभर हिंडली. खात्याचं नाव आधी रिसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन होतं, १९३७पासून फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन झालं. सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. सरकारी काम असल्यामुळे त्यांवर कॉपीराइट नाही. मोठ्या टिफ फाइली फुकट उतरवून घेता येतात. दुकानदार त्याच फाइली घेतात, वर तपकिरी रंगाचा हात फिरवतात आणि फ्रेम करून विकतात. तो तपकिरीपणा मला मुळीच सहन होत नाही. मंदीतल्या उपाशी माणसाला आजोळच्या अल्बममध्ये नेऊन बसवायचं कशाला?

२. फोटोखालची ओळ फोटोसोबत टांगा. या एका मुद्द्यावर मी हट्टी आहे. लँगचा नवरा पॉल टेलर अर्थशास्त्रज्ञ. मजुरी किती, काम कसं, माणसं कुठून आली हे दोघं जागेवरच टिपून घेत. इम्पीरियल व्हॅलीतला गाजराच्या शेतातला १९३९चा फोटो आमच्या जेवणाच्या टेबलाशेजारी आहे. ओणवी माणसं, लांबच लांब वाफे. चौकटीतला उजेड असा सुरेख की पाहुणे ‘काय कंपोझिशन आहे!’ म्हणून थांबतात. खालची ओळ मात्र सांगते की गाजरं उपटायची, साफ करायची, जुड्या बांधून खोक्यात भरायची आणि अठ्ठेचाळीस जुड्यांच्या खोक्यामागे अकरा सेंट घ्यायचे. दिवसाला जेमतेम डॉलर सुटायचा, कारण कामापेक्षा हात जास्त होते.

माझ्या सासूबाई बीडकडच्या. दसरा झाला की त्यांच्या गावातून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता फडात. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि पहिलाच प्रश्न आला, “जुडीमागं काय देत होते गं?” कंपोझिशनचं नावही नाही. मी खालची ओळ वाचून दाखवली. “आणि येताना उचल?” त्याचं उत्तर त्या ओळीत नव्हतं.

३. लँगचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो टांगायचाच असेल तर त्यातल्या बाईचं नाव लिहून टांगा. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. पावसाने आणि गारठ्याने वाटाण्याचं पीक गेलेलं, तोडणीला आलेले मजूर तळावर अडकलेले. लँगने थोडक्या वेळात काही फोटो घेतले आणि नाव न विचारताच ती निघाली. फोटो वर्तमानपत्रात छापून आले, सरकारने तळावर सुमारे नऊ टन अन्न पाठवलं. तोवर फोटोतलं कुटुंब पुढच्या कामाला निघून गेलं होतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ साली, एका स्थानिक वार्ताहरामुळे. ओक्लाहोमात जन्मलेली चेरोकी बाई. फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, आपल्याला त्यातून एक पैसा मिळाला नाही, असं तिने सांगितलं. पैसा खरं तर लँगलाही पगारापलीकडे मिळाला नाही. पण लँगचं नाव झालं, हिचा चेहरा झाला. १९८३मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी लोकांना हाक दिली आणि अनोळखी माणसांनी मदत पाठवली.

आणखी एक. तंबूचा खांब धरलेला एक अंगठा मूळ फोटोच्या कोपऱ्यात दिसायचा. लँगला तो खटकला, म्हणून नंतर निगेटिव्हवरच पुसट करवला. त्याआधीचा अंगठ्यासकटचा प्रिंट लायब्ररीकडे आहे. मी असते तर तोच घेतला असता.

४. चेहऱ्यांपेक्षा हात शोधा. सॅलिनासमध्ये लेट्यूस कापणारे फिलिपिनो मजूर, १९३५. अ‍ॅरिझोनातल्या इलॉयचा कापूसवेचा, १९४०, तोंडावर आडवा धरलेला त्याचा उघडा तळहात. शिवाय माझा सगळ्यांत लाडका, लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोचकी घेऊन चाललेले दोन पुरुष, १९३७. शेजारच्या जाहिरातफलकावर आरामखुर्चीत रेललेला गृहस्थ पुढच्या खेपेला रेल्वेने जा म्हणून सुचवतो आहे. हा फोटो प्रवेशाच्या पॅसेजमध्ये लावा, लोक जोडे काढता काढता हसतात आणि मग गप्प होतात.

५. छपाईचं थोडक्यात. लँगच्या बऱ्याच निगेटिव्ह चार बाय पाच इंचांच्या, त्यामुळे मोठ्या आकारात टिकतात. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरचे लहानच बरे. कागद मॅट घ्या. ऊन येणारी भिंत टाळा.

६. भोक पडलेला फोटोही बघा. नापसंत निगेटिव्हला स्ट्रायकर पंचने भोक पाडत. प्रिंटमध्ये ते काळ्या चकतीसारखं येतं, कधी आभाळात, कधी थेट माणसाच्या अंगावर. हल्ली या चकत्याही कला म्हणून गाजतात. मला त्यात साहेबाचा हात दिसतो. गरिबी कुठली दाखवायची हेसुद्धा ऑफिसात ठरत होतं.

७. काही फोटो भिंतीवर नकोतच. १९५६मध्ये छायाचित्रकार लेनर्ड नॅडेलने मेक्सिकोहून करारावर आणलेल्या ब्रासेरो मजुरांचे फोटो काढले. टेक्सासच्या हिडाल्गो केंद्रात मास्क घातलेला माणूस कपडे उतरवलेल्या पुरुषांच्या तोंडावर डीडीटी फवारतो आहे. ते फोटो स्मिथसोनियनमध्ये आहेत, तिथेच असावेत. ज्याची अब्रू एकदा गेली त्याला आमच्या सोफ्यामागे पुन्हा उभं करायचं नाही.

घरच्या भिंतीपेक्षा चांगली जागाही असते. पत्रकार पी. साईनाथ यांनी भारतातल्या ग्रामीण बायकांच्या कामाचे फोटो बसस्थानकांवर, रेल्वे स्टेशनांत, कारखान्यांच्या फाटकांवर, गावच्या चौकांत मांडले. तिथे बघणाऱ्या बाईला फोटोतलं काम येत होतं, चूक असती तर तिने ती तिथल्या तिथे दाखवली असती. आमच्या घरी ही सोय सासूबाई आल्या तरच होते.