शब्द एकटा नसतो

रात्रीची जेवणे आटोपली, की आम्ही आठदहा माणसे चाळीच्या गॅलरीत बसतो. कोणी भाजी विकणारे, कोणी हमाली करणारे, कोणी घरकामाला जाणाऱ्या. मराठी वाचायला आम्ही शिकलो. आता थोडे इंग्रजी शिकतो आहोत. पुस्तक उघडून नव्हे, गप्पा मारता मारता.

त्याला एक कारण घडले. आमच्यातल्या एका आजींचा नातू दवाखान्यात होता. त्याचे ऑपरेशन झाले. नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजी, पेशंट आऊट ऑफ डेंजर आहे." एवढे बोलून त्या पुन्हा आत गेल्या.

आजींना दोन शब्द ठाऊक होते. क्रिकेटात गडी बाद होतो, तो 'आऊट'. विजेच्या खांबावर कवटीजवळ लिहितात, ते 'डेंजर'. आजींनी दोन्ही जोडले आणि तिथेच बसकण मारली. "गेलं गं माझं पोर!" म्हणून हंबरडा फोडला. नर्सबाई तर सांगत होत्या, की धोका टळला!

ही हकीकत आजींनीच आम्हाला सांगितली. सांगताना आधी रडल्या, मग हसल्या. शेवटी म्हणाल्या, "शब्द तर मला येत होते. मग चुकलं कुठं?"

प्रश्न मोलाचा होता. मराठीत आपण म्हणतो, 'त्याच्या तोंडचे पाणी पळाले.' तोंड कळले, पाणी कळले, म्हणून अर्थ कळतो का? नाही. तो फार घाबरला, हा अर्थ सगळे शब्द मिळून होतो. इंग्रजीतही तसेच आहे. शब्द कोणाच्या शेजारी बसला आहे, ते पाहावे लागते.

मग एकेकाला आठवू लागले.

"लिफ्टवर पाटी होती, आऊट ऑफ ऑर्डर." म्हणजे लिफ्ट बिघडली आहे.

"औषधवाला म्हणाला, आऊट ऑफ स्टॉक." म्हणजे माल संपला.

"फोन लावला, तर बाई सांगते, आऊट ऑफ कव्हरेज एरिया." म्हणजे तो माणूस आहे तिथे फोनला रेंज नाही.

"शिपाई म्हणाला, साहेब आऊट ऑफ स्टेशन आहेत. मी आपला रेल्वे स्टेशनाबाहेर बघून आलो!"

सगळे हसले. सांगणाराही हसला. इथे 'स्टेशन' म्हणजे साहेबांच्या नेमणुकीचे गाव. इंग्रजी अमदानीतला हा शब्दप्रयोग आपल्याकडे अजून चालतो. साहेब परगावी गेले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आजी पटकन म्हणाल्या, "म्हणजे आऊट ऑफ म्हणजे बाहेर! पोरगं धोक्याच्या बाहेर!" बरोबर. कोणी पाठ करून घेतले नाही, तरी पाच प्रयोग एका रात्रीत ध्यानात राहिले.

अशी देवघेव जुनीच आहे. पाव, चावी, पगार, बटाटा हे शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले. मराठ्यांनी 1739 साली वसई घेतली, 1961 साली गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज गेले, पण शब्द आपल्या घरचे झाले. उलट आपला मुंगूस इंग्रजीत गेला. इंग्रज त्याला 'माँगूस' म्हणतात.

तुम्हीही असे बसा. चार गोष्टी पाळा.

1. दिवसभरात कानी पडलेला एक शब्द आणा. तो कोण, कुठे, कशावरून बोलले, तेही सांगा.
2. आधी सगळ्यांनी अर्थाचा अंदाज करावा. मग जाणत्याला विचारून खात्री करावी.
3. प्रत्येकाने तो शब्द घालून स्वतःचे एक वाक्य बोलावे.
4. चुकणाऱ्याची टिंगल करू नये. टिंगल झाली, तर तो उद्या येणार नाही.

आणि दवाखान्यात, कचेरीत काही कळले नाही, तर लाजू नका. "मराठीत सांगा," असे म्हणा. आजी आता तसेच म्हणतात. नातू त्यांचा शाळेत जातो. संध्याकाळी तोही आमच्यात येऊन बसतो.

अभ्यास

1. आजींचा घोटाळा कशामुळे झाला?
2. 'आऊट ऑफ' हे शब्द तुम्ही आणखी कुठे ऐकले? सांगा.
3. शब्दाला शब्द लावून अर्थ कळत नाही, असे दोन मराठी वाक्प्रचार लिहा.