बँक बुडते म्हणजे काय होते?

विद्यार्थिमित्रहो, शुभवर्तमानातील रुपयांचा दृष्टांत आपणांपैकी बहुतेकांस परिचित आहे. ज्या दासाने धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवला, त्यास धन्याने दोष दिला. तो पैसा सावकाराच्या पेढीवर ठेवला असता, तर निदान व्याजासह परत मिळाला असता, असे धन्याचे म्हणणे होते. परंतु ज्याच्या स्वाधीन पैसा केला तीच पेढी बुडाली तर काय, हा प्रश्न त्या दृष्टांतात येत नाही. आपल्या शहरातील अनेक कुटुंबांपुढे तो नुकताच उभा राहिला. म्हणून या लेखात त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याचा थोडा पूर्ववृत्तांत पाहू. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. गरजवंतास माफक व्याजाने कर्ज मिळावे व बचत करणाऱ्याचा पैसा सुरक्षित राहावा, यासाठी काही निराळी व्यवस्था हवी, हे या दंग्यांनी सर्वांच्या लक्षात आणून दिले. पुढे 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि 1910 साली नगर शहरात अर्बन बँकेची स्थापना झाली. दोन महायुद्धे, मंदी, दुष्काळ व स्वातंत्र्य एवढे सर्व पाहिलेली ही बँक शंभरी ओलांडून गेली. आजोबांनी काढलेले खाते नातवाने चालवावे, इतका तिच्यावर लोकांचा विश्वास होता.

आता बँक चालते कशी ते एका लहान उदाहरणाने पाहू. समजा, एका बँकेत सभासदांचे भागभांडवल 10 रुपये व लोकांच्या ठेवी 100 रुपये, मिळून 110 रुपये आहेत. त्यांपैकी 20 रुपये तिने रोकड व सरकारी रोखे यांत ठेवले आणि 90 रुपये कर्जाऊ दिले. या कर्जांपैकी 8 रुपये बुडाले, तरी 102 रुपये उरतात. ठेवीदारांचे 100 सुरक्षित असतात. तोटा भागधारकांस सोसावा लागतो. भांडवल हे याप्रमाणे ठेवीदारांच्या पुढे उभारलेले कुंपण होय. परंतु 40 रुपये बुडाले, तर उरतात 70 आणि देणे असते 100. कुंपण मोडून हानी घरात शिरली, असे तेव्हा समजावे.

याहून निराळाही एक प्रकार आहे. कर्जे सर्व चांगली आहेत, परंतु गावात आवई उठली आणि एकाच दिवशी 30 रुपयांची मागणी आली, तर 20 रुपये हाताशी असलेल्या बँकेस दरवाजे लावून घ्यावे लागतात. म्हणजे बँक दोन कारणांनी बुडते: एक, मालमत्ताच नाहीशी झाल्याने, आणि दुसरे, मालमत्ता असूनही ती वेळेवर रोकडीत न आल्याने. बाहेर उभ्या असलेल्या ठेवीदारास यांतील भेद कळत नाही. म्हणून पहिल्या प्रकारची शंका येताच दुसरा प्रकार घडून येतो.

आपल्या देशाने हे धडे मोठी किंमत देऊन घेतले आहेत. 1906 साली मुंबईत निघालेली इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात अडकून 1913 साली बंद पडली. पहिले महायुद्ध संपल्यावर 1923 च्या एप्रिलात अलायन्स बँक ऑफ सिमला ही जुनी व प्रतिष्ठित बँक बुडाली, तेव्हा सरकारच्या संमतीने इंपीरियल बँकेने तिच्या ठेवीदारांस रुपयामागे आठ आणे देण्याची तजवीज केली. त्या काळी नियमाने मिळणारा असा आधार काहीच नव्हता. जे मिळाले ते सरकारची मर्जी म्हणून मिळाले. 1935 साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली. 1936 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन, मागताक्षणी द्यावयाच्या ठेवींच्या शेकडा 5 व मुदतीच्या ठेवींच्या शेकडा दीड इतकी रोकड बँकांनी बाळगावी, असे ठरले. तरीही 1938 साली दक्षिणेतील त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बंद पडलीच.

बँक बंद झाली की तिचा कारभार अवसायकाच्या, म्हणजे ज्यास त्या काळचे लोक लिक्विडेटर म्हणत त्याच्या, हाती जातो. तो चालकांकडून हिशेबाच्या वह्या व किल्ल्या ताब्यात घेतो, देण्या-घेण्याची यादी करतो, कर्जदारांवर वसुलीचे दावे लावतो, तारण व इमारती विकतो आणि हाती येईल त्या रकमेतून क्रमाने देणी फेडतो. भागधारकांचा क्रम सर्वांत शेवटी येतो. काम न्यायाचे खरे, पण अतिशय सावकाश चालणारे. कर्जदार कोर्टात मुदती मागत राहतो. ठेवीदाराच्या घरातील लग्नकार्य, आजारपण व शाळेची फी मात्र थांबत नाहीत. आमच्या उदाहरणातील ठेवीदारास शंभरातील सत्तर रुपये मिळतीलही. परंतु अनेक वर्षांनी हप्त्याहप्त्याने मिळालेले सत्तर हे सत्तरांच्या मोलाचे राहत नाहीत.

या दुःखावर उपाय निघाला तो आणखी दोन आघातांनंतर. 1960 साली आपल्याच अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. त्यानंतर 1961 साली कायदा होऊन 1 जानेवारी 1962 पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभी दर ठेवीदारामागे 1,500 रुपयांची हमी होती. 1968 च्या दुरुस्तीने सहकारी बँकांस या छत्राखाली येण्याची वाट मोकळी झाली. हमीची रक्कम 1993 साली 1 लाख व 2020 साली 5 लाख झाली. या विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदार नव्हे. विमा महामंडळ ठेवीदारास आधी पैसे देते आणि मागाहून अवसायकाच्या वसुलीतून ते परत घेते. वाट पाहण्याचे ओझे अशा रीतीने गरिबाच्या खांद्यावरून उचलले गेले.

आता आपल्या नगर अर्बन बँकेकडे वळू. 2019 च्या ऑगस्टात रिझर्व्ह बँकेने तेथे प्रशासक नेमला. 2021 च्या डिसेंबरात निर्बंध आले आणि ठेवीदारास 10,000 रुपयांहून अधिक रक्कम काढता येईना. अखेर 4 ऑक्टोबर 2023 रोजी, पुरेसे भांडवल व मिळकतीची आशा उरली नाही म्हणून, बँकेचा परवाना रद्द झाला. शंभरातील सुमारे 95 ठेवीदार विम्यामुळे आपली पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र ठरले. 1923 च्या आठ आण्यांशी तुलना करता ही प्रगती थोर आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु उरलेल्या पाचांचे काय? विम्याच्या मर्यादेपलीकडील रकमेसाठी त्यांना अवसायकाच्या वसुलीकडेच डोळे लावून बसावे लागते. पाच हा आकडा लहान दिसतो. पण ज्याने नोकरीतून निवृत्त होताना मिळालेली सारी पुंजी एकाच खात्यात ठेवली असेल, त्याच्या घरापुरता तो आकडा पाच नसून शंभर असतो.

म्हणून पालकांस व उद्या कमावते होणाऱ्या विद्यार्थ्यांस आमचे काही सांगणे आहे. एक, मुद्दल व व्याज मिळून एका बँकेत एका ठेवीदारास 5 लाखांपर्यंतच हमी आहे, हे ध्यानात ठेवून मोठी पुंजी विभागून ठेवावी. दोन, ज्यांस आपण बोलीभाषेत ‘बँक’ म्हणतो त्या पतसंस्थांच्या ठेवींस हा विमा नाही. तेथे पैसा ठेवण्यापूर्वी हे जाणून असावे. तीन, इतरांहून फार अधिक व्याज देऊ करणारा ते कोठून देणार, असा प्रश्न अवश्य विचारावा. चार, सहकारी बँकेचा सभासद हा तिचा मालक असतो. वार्षिक सभेस केवळ अल्पोपाहारासाठी न जाता ताळेबंद वाचावा, थकलेली कर्जे किती ते विचारावे, आणि आपला-परका न पाहता मत द्यावे.

आज ठेवीदारास जे संरक्षण आहे, ते मागील ठेवीदारांच्या नुकसानीतून उभे राहिले आहे. कायदा कुंपण घालू शकतो. कुंपणावर नजर ठेवण्याचे काम मात्र घरच्या माणसांचेच असते. धन्याने दासांकडून हिशेब मागितला, तसा तो मागण्याचा हक्क प्रत्येक ठेवीदारास व सभासदास आहे. तो हक्क वेळेवर बजावणे हाच पैसा जमिनीत पुरण्याहून खरोखर चांगला मार्ग होय.