नको असलेला दूरध्वनी आणि ग्राहकाचा हक्क

शाळेत तास चालू असतो, ग्रामपंचायतीची मासिक सभा भरलेली असते किंवा शेतकरी पाण्याची पाळी धरून बांधावर उभा असतो. आणि नेमक्या त्याच वेळी खिशातील भ्रमणध्वनी वाजू लागतो. घाईने तो कानाला लावावा, तर पलीकडून कोणी बिनतारण कर्ज देऊ करतो, कोणी विम्याची योजना समजावतो, तर कोणी शहरालगतच्या भूखंडाचे गुणवर्णन करू लागतो. यंत्रानेच क्रमांक फिरवलेला असेल, तर नकार ऐकण्यासही पलीकडे कोणी नसते.

हा त्रास केवळ दोन मिनिटांच्या व्यत्ययाचा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. अशा दूरध्वनींना कंटाळलेली माणसे अनोळखी क्रमांक उचलणेच सोडून देतात. मग दवाखान्यातून आलेला निरोप, कचेरीतून झालेली विचारणा किंवा परगावी शिकणाऱ्या मुलाने दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीवरून केलेला संपर्क, हे सारे अनुत्तरित राहते. दुसऱ्या बाजूस, विक्रेत्यांच्या या गर्दीत भामट्यालाही सहज जागा मिळते. अशा वेळी ग्राहकास कायद्याने कोणते संरक्षण दिले आहे आणि ते प्रत्यक्षात कसे मिळवावे, याची माहिती प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

नियमांची वाटचाल

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजेच ‘ट्राय’ची, स्थापना १९९७ मध्ये झाली. भ्रमणध्वनीचा प्रसार वाढू लागला तसतशा विक्रीच्या दूरध्वनींविषयी तक्रारीही वाढल्या. म्हणून २००७ मध्ये प्राधिकरणाने पहिले विनियम केले आणि ज्यांना असे दूरध्वनी नकोत, त्यांच्या क्रमांकांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. पुढे २०१० मध्ये नवे विनियम करण्यात आले व ते सप्टेंबर २०११ पासून पूर्णपणे अमलात आले. सर्वच जाहिराती बंद कराव्यात, की ठरावीक विषयांच्या तेवढ्या येऊ द्याव्यात, हे निवडण्याची मुभा ग्राहकास मिळाली ती या विनियमांमुळे.

तरीही उपद्रव थांबला नाही. नोंदवहीचे बंधन रीतसर नोंदणी केलेल्या विक्रेत्यांनाच जाचत होते. ज्याने नोंदणीच केली नाही, तो साधा दहा अंकी क्रमांक घेऊन खुशाल दूरध्वनी करी आणि तो बंद झाल्यास दुसरा घेई. ही पळवाट बुजविण्यासाठी २०१८ मध्ये आणखी कडक विनियम आले. व्यापारी संदेश पाठविणाऱ्या संस्थेने आपले नाव, संदेशाचे शीर्षक आणि त्याचा ठरावीक मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या सामाईक संगणकीय नोंदवहीत आधी नोंदविलाच पाहिजे, अशी व्यवस्था झाली. संदेश सुटण्यापूर्वी ग्राहकाच्या पसंतीशी तो ताडून पाहिला जातो आणि न जुळल्यास अडविला जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये प्राधिकरणाने बिगरनोंदणीकृत विक्रेत्यांची दूरध्वनी साधने तोडून त्यांना काळ्या यादीत टाकण्याचा आदेश दिला. त्यानंतर काही आठवड्यांतच २.७५ लाखांहून अधिक क्रमांक व जोडण्या बंद करण्यात आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये विनियमांत दुरुस्ती होऊन ग्राहकाची बाजू आणखी भक्कम झाली. संसदेने संमत केलेल्या दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्येही जाहिरातीच्या संदेशांसाठी ग्राहकाची पूर्वसंमती आणि ‘व्यत्यय नको’ अशी नोंदवही यांविषयी तरतूद आहे.

क्रमांकावरून ओळख

दूरध्वनी उचलण्यापूर्वीच तो कशासाठी आहे, याचा अंदाज यावा म्हणून क्रमांकांची विभागणी केलेली आहे. १४० या आकड्यांनी सुरू होणारा क्रमांक जाहिरातीसाठी, तर १६०० ने सुरू होणारा क्रमांक सेवा व व्यवहारविषयक दूरध्वनींसाठी राखलेला आहे. बँकांनी व्यवहारविषयक दूरध्वनींसाठी १६०० मालिकेचाच वापर करावा, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये दिली.

संदेशांच्या बाबतीतही अशीच खूण आहे. पाठविणाऱ्याच्या नावापुढे आडवी रेघ व त्यानंतर एक रोमन अक्षर येते. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे शासकीय संदेश होय. साध्या दहा अंकी क्रमांकावरून कोणी कर्ज वा भूखंड विकू लागला, तर तो नियमाबाहेर वागत आहे, असे समजण्यास हरकत नाही.

नोंदणी कशी करावी

नोंदणीसाठी शुल्क नाही आणि कोणाच्या मध्यस्थीचीही गरज नाही. आपल्या भ्रमणध्वनीवरून १९०९ हा क्रमांक लावून सांगितल्याप्रमाणे निवड करावी. किंवा रोमन अक्षरांत ‘स्टार्ट’ हा शब्द, एक जागा सोडून शून्य, असा संदेश त्याच क्रमांकावर पाठवावा. शून्य म्हणजे सर्व जाहिराती बंद. काही विषय चालू ठेवायचे असल्यास तशीही सोय आहे. बँक व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू व वाहने, दळणवळण व मनोरंजन, पर्यटन आणि खाद्यपदार्थ असे त्यांचे वर्ग आहेत. ट्रायच्या ‘डीएनडी’ ॲपवरूनही नोंदणी करता येते.

नोंदणीमुळे काय थांबते आणि काय थांबत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. खात्यातील व्यवहाराची सूचना, गॅस सिलिंडरची नोंद किंवा शासनाचा इशारा असे संदेश येत राहतात. म्हणून नोंदणी केल्यास उपयुक्त संदेश बंद पडतील, ही भीती निराधार आहे. मात्र ग्राहकाने एखाद्या संस्थेला स्वतंत्र संमती दिली असेल, तर ती संस्था नोंदणीनंतरही जाहिरात पाठवू शकते. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेल्या मजकुरापुढे न वाचता केलेली खूण अशी संमती देऊन बसते. दिलेली संमती मागे घेता येते आणि जाहिरातीच्या संदेशातच ती नाकारण्याची सोय ठेवणे पाठविणाऱ्यास बंधनकारक आहे.

तक्रार आणि तिचा परिणाम

नको असलेला दूरध्वनी आल्यावर बहुतेक जण तो क्रमांक अडवून ठेवतात आणि विषय तेथेच संपवितात. त्याने तो एक क्रमांक आपल्यापुरता थांबतो. विक्रेता मात्र शेजाऱ्याकडे वळतो. तक्रारीने त्याची जोडणीच तुटू शकते. तक्रारीसाठी क्रमांक १९०९ हाच आहे. दूरध्वनी आल्यापासून ७ दिवसांच्या आत समोरचा क्रमांक, तारीख आणि बोलण्याचा थोडक्यात आशय कळविला, की ती ग्राह्य धरली जाते. पूर्वी ही मुदत ३ दिवसांची होती. बिगरनोंदणीकृत विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी आता स्वतःची पसंती नोंदविलेली असणेही आवश्यक नाही.

अशा विक्रेत्याविरुद्ध पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी आल्यावर कारवाई होत असे. आता १० दिवसांत ५ तक्रारी पुरेशा आहेत. पहिल्या खेपेस त्याची बाहेर जाणारी सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा तोच प्रकार घडल्यास सर्व कंपन्यांकडील त्याच्या जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. दूरसंचार कंपनीने अशा दूरध्वनींची संख्या चुकीची दाखविल्यास तिलाही २ लाख, ५ लाख आणि १० लाख रुपये असा चढता दंड आहे. म्हणजे एका गावातील पाच जागरूक ग्राहक मिळूनही कायद्याचे चाक फिरवू शकतात.

विक्री संपते, फसवणूक सुरू होते

विक्रेता वस्तू घेण्याचा आग्रह धरतो. भामटा माहिती मागतो. ओटीपी, कार्डावरील अंक किंवा पासवर्ड विचारला गेला, खाते बंद पडण्याची अथवा अटकेची भीती घातली गेली, की तो दूरध्वनी तत्काळ बंद करावा. क्रमांक कोणत्याही मालिकेतील दिसला, तरी ही माहिती देऊ नये. पैसे गेलेले नसून केवळ संशय असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत, जी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, तो क्रमांक कळवावा. पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. लाजेपोटी गप्प बसण्यात भामट्याचाच लाभ असतो.

गावपातळीवरील कर्तव्य

आपला क्रमांक बाहेर जातो कसा, याचाही विचार व्हावा. दुकानातील बिल, सोडतीची चिठ्ठी, प्रदर्शनातील नोंदवही अशा अनेक वाटांनी तो जातो. बिलासाठी ग्राहकाकडे भ्रमणध्वनी क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना सुचविले आहे. क्रमांक देण्यास नम्रपणे नकार देणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

हे नियम ज्यांना सर्वांत उपयोगी पडावेत, त्या वृद्ध आणि अल्पशिक्षित माणसांपर्यंत ते आपोआप पोहोचत नाहीत. ग्रामसभेत पाच मिनिटे या विषयासाठी राखणे, १९०९ आणि १९३० हे दोन क्रमांक पंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिणे, विद्यार्थ्यांकडून घरातील आजी-आजोबांच्या भ्रमणध्वनीची नोंदणी करवून घेणे, ही कामे खर्चाची नाहीत. पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील कर्मचारी यांनी ती मनावर घेतली, तर घरातील वडीलधाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी सुरक्षित राहण्यास मदत होईल आणि खिशातील भ्रमणध्वनी वाजल्यावर तो निर्धास्तपणे उचलता येईल.