युक्ती पाठ झाली. विषय समजला का?

शाळेत शिकलेले बरेचसे आपण विसरतो; पण ‘तानापिहिनिपाजा’ विसरत नाही. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा हे सात रंग त्यात क्रमाने बसले आहेत. अशा युक्त्या मुलांना अवश्य द्याव्यात. मात्र युक्ती पाठ होणे आणि विषय समजणे यांत अंतर आहे.

१. लक्षण सांगणारे सूत्र

‘यमाताराजभानसलगं’ हे वृत्तांच्या गणांचे सूत्र. हव्या त्या गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्यावीत. ‘यमाता’ म्हणजे एक लघु, दोन गुरु : हा यगण. ‘नसल’ म्हणजे तिन्ही लघु : हा नगण. आठही गणांची नावे आणि लक्षणे एकाच ओळीत मिळतात.

२. चंडीगडचे ‘तेरा’

ल कॉर्बुझिए यांनी चंडीगडची रचना मानवी शरीराप्रमाणे कल्पिली. सेक्टर १ मधील कॅपिटॉल संकुल हे डोके, सेक्टर १७ हे हृदय आणि हिरवे पट्टे ही फुप्फुसे. मुलांना नकाशा समजावण्यास ही उपमा उत्तम आहे.

मूळ आराखड्यात १३ क्रमांकाचा सेक्टर नव्हता. २०२० मध्ये मणीमाजरा भागाला तो क्रमांक मिळाला. तरीही १३ हीच पहिल्या २५ सेक्टरांची किल्ली आहे. खालीवर लागून असलेल्या दोन सेक्टरांची बेरीज पहा : ४ आणि ९ = १३, ९ आणि १७ = २६, १७ आणि २२ = ३९. असे का होते? शेतात नांगर फिरतो, तसे क्रमांक एका ओळीत जातात आणि पुढच्या ओळीत उलटे येतात. एका ओळीत क्रमांक एकाने वाढतो, तेव्हा दुसरीत एकाने घटतो. म्हणून बेरीज बदलत नाही. पण २२ च्या खाली ३५ आहे. बेरीज ५७, येथे युक्ती संपली!

३. युक्ती फसवते तेव्हा

‘कंचेभागुबेव’ म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आता १० − ४ + ३ सोडवा. ‘बेरीज आधी’ असे धरून चालणारे मूल ४ + ३ = ७ करते आणि उत्तर ३ लिहिते. बरोबर उत्तर ९ आहे. कारण बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखा असल्याने डावीकडून क्रमाने जायचे असते. भागाकार-गुणाकारालाही हाच नियम. सूत्र पाठ असूनही गुण गेले, की ‘मला गणित येत नाही’ असे मूल मनात धरून बसते.

४. घरी काय करावे?

अ. युक्ती सांगितल्यावर ‘हे असे का?’ असे मुलाला विचारावे.
आ. युक्ती जेथे चालत नाही, असे एक उदाहरण द्यावे.
इ. मुलाला स्वतःची युक्ती रचू द्यावी आणि ती धाकट्या भावंडाला शिकवण्यास सांगावे.

श्रवण, मनन आणि निदिध्यासन या पायऱ्या आपल्याला परिचित आहेत. सूत्र ऐकणे ही केवळ पहिली पायरी. आज मुलांकडून एक सूत्र म्हणून घ्या आणि पुढची पायरी त्यांच्यासोबत चढा.