मधुमेह आणि शेतातील औषधी वनस्पती

मधुमेहात रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे पेशींत ऑक्सिडीभवनाची क्रिया प्रमाणाबाहेर होऊ लागते. उघड्यावर पडलेल्या नांगराच्या फाळास गंज चढावा, तद्वत या क्रियेने रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा पोहोचते. पुढे डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांवर परिणाम होतो. पायात काटा रुतूनही तो न कळणे ही अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत मोठ्या धोक्याची खूण होय.

आवळा, जांभळाची बी, कारले व मेथी यांत ही क्रिया रोखणारी द्रव्ये असल्याचे प्रयोगशाळेत आढळून आले आहे. परंतु प्रयोगशाळेतील नळी निराळी आणि मनुष्याचे शरीर निराळे. ई जीवनसत्त्व हेही याच जातीचे द्रव्य. तथापि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ते सुमारे साडेचार वर्षे घेऊनही रुग्णांचा हृदयविकार टळला नाही. या रुग्णांत मधुमेहीही पुष्कळ होते. गंज पुसत बसण्यापेक्षा फाळ कोरडा ठेवावा, म्हणजेच साखर आटोक्यात ठेवावी, हे अधिक श्रेयस्कर.

या कामी मेथीचा उपयोग विशेष आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तेल काढलेल्या मेथीदाण्याचे पीठ रोज १०० ग्रॅम आहारात दिले असता रुग्णांची उपाशीपोटीची साखर उतरली. रुग्ण थोडे होते, हे मात्र ध्यानी ठेवावे. मेथीतील चिकट तंतूंमुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. घरी दाणे रात्री भिजत घालावेत किंवा त्यांचे पीठ भाकरीत मिसळावे. आरंभ थोड्या प्रमाणाने करावा, अन्यथा पोट बिघडते.

मेथी हे अन्न आहे. ती इन्सुलिनची वा गोळीची जागा घेऊ शकत नाही. कोणी काढ्याच्या भरवशावर इन्सुलिन सोडल्याचे आढळल्यास ग्रामसेवकांनी त्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. उलटपक्षी, गोळ्यांच्या जोडीने गुडमार किंवा कारल्याचा रस घेतल्यास साखर एकाएकी उतरून घाम, कंप व भोवळ येण्याचा संभव असतो. तेव्हा शुद्धीवर असलेल्या रुग्णास त्वरित साखर खाऊ घालावी. डॉक्टरांपासून काढा लपवू नये.

दुधी भोपळ्याच्या रसाविषयी तर अधिकच सावध असावे. कडू निघालेल्या दुधीत कुकुरबिटासिन हे विष असते. त्याने उलट्या, जुलाब व रक्ताची उलटी होते, रक्तदाब घसरतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. यावर उतारा नाही. ‘कडू तेवढे मधुमेहास गुणकारी’ हा समज येथे प्राणघातक ठरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीनेही २०११ साली कडू रस न पिण्याचा इशारा दिला. रस काढण्यापूर्वी दुधीची लहानशी फोड जिभेस लावून पाहावी आणि कडू लागताच ती थुंकून संपूर्ण फळ टाकून द्यावे.