गिऱ्हाइकांनी न नेलेलं

चोपड्यात माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. खर्चाचा आकडा ऐकून गेलेलं गिऱ्हाईक पुष्कळदा परत येत नाही, वस्तू तेवढी राहते. माझ्या टेबलावरची निम्मी अवजारं या राहिलेल्या मालातूनच झाली.

१. सिरीज बोर्ड आधी, मीटर नंतर. एक फळी, होल्डर, सॉकेट आणि १०० वॅटचा पिवळा बल्ब. दुरुस्त केलेली वस्तू या बल्बमधून चालवायची. बल्ब एकदा चमकून मंदावला तर सप्लाय बरा; भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. तरी बल्ब अर्ध्या अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, त्यामुळे जळत काही नाही. हा बोर्ड करण्याआधी मी टीव्ही थेट प्लगला लावायचो आणि नुकताच बसवलेला ट्रान्झिस्टर फ्यूजसकट घालवायचो.

२. स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर फसवतो. केळीच्या मळ्यांवर पंप सुरू झाले की गावात व्होल्टेज बसायचं, म्हणून स्टॅबिलायझर घरोघरी. मेलेले माझ्याकडे ढिगानं. त्यातल्याच एकाचा ट्रान्सफॉर्मर टेबलाला लावून, आता लाइन थेट हातात येत नाही म्हणून मी निर्धास्त झालो, आणि खांद्यापर्यंत झटका खाल्ला. तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर होता. वाइंडिंग एकच, त्यालाच टॅप काढलेले. म्हणजे लाइनची तार जशीच्या तशी माझ्या हातात. आता भंगारातला कुठलाही ट्रान्सफॉर्मर आला की इनपुट आणि आउटपुटमध्ये मीटर लावतो. बीप वाजली की तो टेबलावर चढत नाही. जुन्या टेपमधला १२-०-१२ मात्र सोन्यासारखा.

३. कॉम्प्युटरचा सप्लाय फुकटात मिळालेला खजिना आहे. हिरवी तार काळीला जोडली की सुरू. पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३. जुना असेल तर लोडशिवाय व्होल्टेज डुलतं, म्हणून लालवर १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर कायमचा. खोलताना घाई नको. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरांत ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात. ते बल्ब लावून उतरवायचे. मी एकदा स्क्रू ड्रायव्हरनं उतरवले. त्याचं टोक अजून वितळलेलंच आहे.

४. जुने कपॅसिटर ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ते आतून सुकतात, वरून फुगलेले दिसोत वा न दिसोत. नवा घेताना १०५ डिग्रीचा.

५. काढलेला पार्ट त्याच दिवशी तपासून डबीत टाकायचा. हे मला अजून जमत नाही.

६. आता अडलंय ते बल्बपाशी. दुकानांतून १०० वॅटचा पिवळा बल्ब दिसेनासा झाला, आणि एलईडी इथे चालत नाही. त्याच्या आत स्वतःचंच सर्किट. परवा मिक्सर न्यायला आलेल्या आजींनी पिशवीतून कापडात गुंडाळलेला एक काढला. माळ्यावर सापडला म्हणे. "हाई चाली का रे भाऊ?" मिक्सरचे पैसे मी घेतले नाहीत.